शिक्का पुसायचा कुणी?

फर्स्ट इयरच्या ॲडमिशनचा फॉर्म भरताना कॅटेगरीचा रकाना आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. एस.सी., एस.टी., ओ.बी.सी. म्हणजे काय हे कुणालाही विचारा, पटकन सांगेल. पण व्ही.जे.-ए म्हणजे काय? मी सहज आमच्या मजल्यावर विचारून बघितलं. 'विमुक्त जाती' एवढं दोघातिघांना माहीत होतं. विमुक्त म्हणजे मोकळ्या झालेल्या. मग पुढचा प्रश्न, कशातून मोकळ्या? इथे सगळे गप्प. एकाने 'जातीतून मोकळ्या' असं ठोकून दिलं. वायवाला आपण असंच करतो, त्यामुळे त्याला दोष देत नाही.

उत्तर असं आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' नावाचा कायदा केला. माणसाने गुन्हा केला तर त्याला शिक्षा, हे कुठल्याही कायद्यात असतं. या कायद्यात अख्खी जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची सोय होती. मूल जन्मलं की गुन्हेगार, चोरी करायचं वय यायची वाट बघायचीही गरज नाही. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, आणि १९११ च्या नव्या कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यातही आला. मग रजिस्टरमध्ये नाव, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. काहींना तर घरादारासकट सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापूरला अशी मोठी सेटलमेंट होती. देशाला स्वातंत्र्य मिळालं १९४७ मध्ये, पण हा कायदा देशभरातून पूर्ण गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं उशिरा. त्या दिवशी जे मोकळे झाले ते 'विमुक्त'. महाराष्ट्राच्या यादीत अशा चौदा जाती आहेत. रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, कंजारभाट, बंजारा, राजपारधी वगैरे. (वडार म्हणजे दगड फोडणारे आणि मातीकाम करणारे लोक. आपल्या सिव्हिलच्या पुस्तकातली धरणं आणि कालवे प्रत्यक्षात कुणी खणले, हे पुस्तकात नसतं.)

बरं, कायदा गेला म्हणून शिक्का गेला का? १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला आणि पोलिसांची नजर बहुतेक जुन्याच वस्त्यांवर राहिली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला हे सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा असं सांगितलं. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे अगदी काल-परवा, सुप्रीम कोर्टाने तुरुंगात जात बघून कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले. त्या निकालातही १८७१ च्या कायद्याची चर्चा आहे. दीडशे वर्षं झाली, शाई वाळलेली नाही.

आता कुणी म्हणेल, हा इतिहासाचा विषय, फार तर पोलिसांचा. यात सायकॉलॉजी कुठून आली? माझं म्हणणं असं की तो कायदा मुळातच सायकॉलॉजीचा एक दावा होता. सुतारकी जशी बापाकडून मुलाकडे येते तशी चोरीही येते, स्वभाव रक्तातून उतरतो, असा त्यामागचा तर्क. हा तर्क कुणी तपासून पाहिला नव्हता. राज्यकर्त्याला सोयीचा होता, म्हणून तो कायदा झाला. आणि त्या काळचं 'शास्त्र' त्याच्या मदतीला धावलं. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ली लोकांची नाकं मोजून त्यांचा संबंध जातीच्या उच्च-नीचतेशी लावत होता. रांचीच्या युरोपियन वेड्यांच्या इस्पितळातले बर्कली-हिल नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १९२१ मध्ये समस्त हिंदूंच्या स्वभावाची कारणं त्यांच्या लहानपणच्या शौचाच्या सवयींत शोधणारा लेख लिहिला. हसू येतं, पण तो लेख मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला होता. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये वंशभेदाला हातभार लावल्याबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे हे शास्त्र शिक्का मारणाऱ्यांच्या बाजूला उभं होतं, हे त्याच शास्त्राने कबूल केलं आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उगाच 'सगळं इंग्रजांनी केलं' असा सूर लागेल. जातीभेद इंग्रजांनी आणला नाही. तो इथेच होता, आणि चांगला मुरलेला होता. इंग्रजांनी तो वहीत लिहून घेतला, त्याला नंबर दिले आणि जिथे फायदा दिसला तिथे त्याला कायद्याचं बळ दिलं. उलट त्याच काळात अहमदनगरला सिंथिया फरार बाईंची शाळा होती आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं ट्रेनिंग तिथे घेतलं. त्यामुळे हिशोब सरळ नाही.

तो किती वाकडा आहे ते बघायचं असेल तर पुणे-नगर रस्त्याने जा. आमच्या ब्रँचची ट्रिप पाणलोटाचं काम बघायला राळेगणसिद्धीला जाते तेव्हा याच रस्त्याने जाते. बस भीमा नदीवर येते तेव्हा गाण्याच्या भेंड्या ऐन रंगात असतात, आणि कोरेगावचा जयस्तंभ कुणाच्या लक्षात येत नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कंपनीने स्तंभ उभारला आणि पडलेल्यांची नावं दगडात कोरली. त्यात शेवटी 'नाक' असलेली महारांची नावं आहेत. म्हणजे १८१८ मध्ये हे लोक शूर, तसं दगडावर लिहून दिलेलं. पुढे 'लढाऊ जमाती' नावाची थिअरी आली आणि १८९० च्या दशकात त्याच महारांची लष्करातली भरती बंद झाली. कारण काय, तर ते लढाऊ जमातीचे नाहीत! निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. मग पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. माणसं तीच, त्यांची छाती तीच, धैर्य तेच. मारणाऱ्याची गरज बदलली की शिक्का बदलला. जयस्तंभाची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले. परक्यांनी स्वतःच्या विजयासाठी उभारलेला दगड, पण त्यावरची आपल्या आजोबा-पणजोबांची नावं वाचून एका समाजाने स्वतःकडे बघायची नजर बदलली. कुठल्याही समुपदेशकाच्या खोलीत एवढं मोठं काम झालं नसेल.

त्याच रस्त्याने शिरूर ओलांडलं, घोड नदी मागे टाकली की नगर जिल्हा लागतो (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर). वाडेगव्हाणहून आत वळलं की राळेगणसिद्धी. सर लोक आम्हाला तिथे नालाबंडिंग, पाझर तलाव, समपातळी चर हे दाखवायला नेतात. वर्षाला जेमतेम चार-पाचशे मिलिमीटर पाऊस, आणि तरी विहिरींना पाणी. ते सगळं बघण्यासारखं आहेच, आपल्या जर्नलमध्ये आकृत्याही येतात. पण मला वाटतं राळेगणचा खरा प्रयोग मातीपेक्षा मनावर झाला, आणि त्याची जर्नलमध्ये नोंद नाही.

अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून गावी परत आले तेव्हा गावात दारूच्या हातभट्ट्या होत्या, पस्तीस-चाळीस म्हणतात. लोकांनी यादवबाबांच्या देवळाची लाकडं काढून भट्टीत घातल्याचं सांगतात. अण्णांनी पहिलं काम काढलं ते देवळाच्या दुरुस्तीचं, स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून. पाण्याचं काम नंतर. इंजिनिअरला हा क्रम उलटा वाटेल. पण ज्या गावाने स्वतःला 'दारूडं गाव' म्हणून मान्य केलं आहे, ते श्रमदानाला कशाला येईल? आधी गावाचं स्वतःबद्दलचं मत बदलावं लागलं.

तिथली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शाळा. संत निळोबाराय विद्यालयाच्या वसतिगृहात बाहेर नापास झालेल्या मुलांना मुद्दाम घेतात. आपल्याकडे नापास म्हटला की शाळा दाखला हातात देते आणि रिझल्टची टक्केवारी राखते. तिथे उलटं. पहाटे उठणं, व्यायाम, अभ्यास अशी शिस्त कडक आहे, आणि यातली बरीच मुलं पुढे दहावी पास होतात. मुलं तीच, पुस्तकं तीच, बोर्ड तोच. बदललं काय, तर 'हा होणार पास' असं धरून चालणारे मास्तर. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोझेंथाल आणि जेकबसन या दोघांनी अमेरिकेतल्या एका शाळेतल्या शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं, ही मुलं यंदा चमकणार. नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली होती. वर्षअखेरीस खालच्या वर्गांतली ती मुलं खरंच पुढे गेलेली दिसली. या प्रयोगाच्या आकड्यांवर नंतर भरपूर वाद झाले, परिणाम सांगितला गेला तेवढा मोठा नसतो असंही दिसलं. पण मास्तरांची नजर मुलापर्यंत पोचते, एवढं आपल्यातल्या कुणालाही प्रयोगाशिवाय पटेल. ज्याला मॅथ्स-थ्रीच्या सरांनी पहिल्याच तासाला 'तू डिप्लोमावाला का?' विचारलं आहे, त्याला तर नक्कीच.

पण राळेगणची दुसरी बाजू न सांगता पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. दारू पिणाऱ्याला तीनदा समज द्यायची, आणि ऐकलं नाही तर देवळापाशी खांबाला बांधून फटके द्यायचे, हेही त्याच गावात झालं. अण्णांनी ते लपवलं नाही, आई लेकराला मारते तसं ते आहे असं समर्थनही केलं. दारू सुटली हे खरं. पण चारचौघांत लाज काढून माणूस सुधारतो यावर माझा विश्वास नाही. लाज वाटलेला माणूस एकतर लपतो, नाहीतर उलटतो. १९११ ची हजेरी आणि देवळाचा खांब यांत फरक आहे, मोठा फरक आहे. एक परक्या सत्तेचा, दुसरा आपल्या माणसांचा. पण दोन्हीकडे माणसाला उभं करून सगळ्यांना दाखवलं जातं की हा बघा असा आहे.

दलितांचंही तसंच. गावाने दलित कुटुंबांची जमीन श्रमदानाने कसून त्यांचं कर्ज फेडायला मदत केली. देऊळ आणि पाणवठा सगळ्यांना खुले झाले. सत्तरच्या दशकात शेजारच्या किती गावांत हे घडलं होतं? तरीही अभ्यासक मुकुल शर्मा यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात राळेगणवर टीका केली. गाव हे एक कुटुंब, या कल्पनेत दलितांना जागा मिळाली, पण जागा कोणती आणि नियम कोणते हे घरातल्या कर्त्यांनी ठरवलं, मांसाहार सोडण्यासकट, असा त्याचा रोख आहे. मला ही टीका पटते. आणि राळेगणचं काम मोठं आहे हेही पटतं. एकाच वेळी दोन्ही पटू शकतं, आपल्याकडे तशी सवय नाही एवढंच.

सायकॉलॉजीवाले याबद्दल काय म्हणतात? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की दोन गटांतले पूर्वग्रह नुसतं एकत्र ठेवून जात नाहीत. दोघांचा दर्जा त्या जागी सारखा पाहिजे, काम सामाईक पाहिजे, एकमेकांशिवाय ते होत नाही असं पाहिजे, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा पाहिजे. श्रमदानात यातल्या तीन गोष्टी आहेत. पहिली, सारखा दर्जा, तिथेच पाणी मुरतं.

त्या पहिल्या गोष्टीवर काम झालेलं बघायचं तर याच जिल्ह्यात जामखेडला जावं लागतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना, त्यात कितीतरी दलित आणि निरक्षर, आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. ट्रेनिंगला सगळ्या जातींच्या बायका एकत्र स्वयंपाक करायच्या, एकत्र जेवायच्या, रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. 'जातिभेद पाळू नका' असं व्याख्यान नाही. आणि आपल्या उपयोगाची गोष्ट म्हणजे हातपंप. बोअर कुठे घ्यायचा यात थोडी निवड असते तेव्हा ते शक्य तिथे दलित वस्तीत घेतले. वरच्या आळीतल्या बायकांना पाण्याला तिकडे जावंच लागलं. साईट सिलेक्शनच्या चॅप्टरमध्ये आपण भूजल पातळी, खडकाचा प्रकार, रस्त्यापासूनचं अंतर हे सगळं लिहितो. पाण्यासाठी कुणी कुणाच्या दारात जायचं हे तो हातपंप ठरवतो, हे लिहीत नाही. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रात झालेलं सर्वांत हुशार मानसशास्त्रीय काम त्या बोअरच्या जागांमध्ये आहे.

(आणि तरीही, त्याच जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला, आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. पांघरूण एक झालं म्हणजे गावं बदलली असं समजायचं कारण नाही.)

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की ही सगळी खेड्यातली प्रकरणं, आपण तर इंजिनिअर. म्हणून आता आपल्या वर्गात या.

२००० नंतरच्या काळात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला. सहावी-सातवीतली ६४२ मुलं, निम्मी वरच्या मानलेल्या जातींची, निम्मी दलित. सहा-सहांचे गट. प्रत्येकाला कागदावर भूलभुलैया सोडवायला दिले, जेवढे सुटतील तेवढे पैसे. जात कुणी काढली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग काही गटांत सुरुवातीलाच प्रत्येक मुलाचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. मुलाने फक्त मान हलवायची. बाकी सगळं तेच. दलित मुलांनी सोडवलेल्या भूलभुलैयांची संख्या साधारण पाचव्या हिश्शाने घसरली.

शास्त्राला धरून सांगायचं तर अशा प्रकारच्या परिणामांवर पुढे शंका घेतल्या गेल्या. नेदरलँड्समध्ये २०१८ साली दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर मुली आणि गणित या विषयात मोठी चाचणी झाली आणि तिथे असा परिणाम सापडलाच नाही. त्यामुळे 'सिद्ध झालं' असा शब्द मी वापरणार नाही. पण तिथे मुलींना एक वाक्य वाचायला दिलं होतं, इथे नावानिशी जात पुकारली होती. आणि ती पुकारणं काय असतं हे आपल्याला माहीत आहे.

आठवा. लेक्चर चालू असतं. दार वाजतं, कुणीतरी आत येऊन यादी वाचतं, 'एस.सी., एस.टी., व्ही.जे.एन.टी.वाल्यांनी स्कॉलरशिपचे फॉर्म भरले नाहीत, खालील रोल नंबर उभे रहा.' पोरं उभी राहतात. साठ जणांचा वर्ग मागे वळून बघतो. मागच्या बाकावरून एखादा बारीक आवाजात काहीतरी बोलतो, थोडे हसतात, सर डस्टर आपटतात आणि लेक्चर पुढे चालू. यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. यादी वाचणाऱ्याला ऑफिसचं काम उरकायचं असतं. पण हॉफ आणि पांडे यांच्या प्रयोगातली दुसरी खोली ती हीच. फरक इतकाच की त्यांनी ती एकदा केली, आपण दर सेमिस्टरला करतो.

हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात 'इंट्रो' होतो. 'पूर्ण नाव सांग.' नावात आडनाव कळलं नाही तर, 'गाव कुठलं? स्कोअर किती? कुठल्या राउंडला लागला?' स्कोअर विचारणं म्हणजे जात विचारणं आहे, आणि विचारणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. रॅगिंगच्या अँटी-रॅगिंग फॉर्मवर आपण सगळे सही करतो, त्यात या प्रश्नाचा उल्लेख नाही. नोकरीचंही तेच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याचे ऑड्स उच्चवर्णीय हिंदू नावाच्या ०.६७ पट होते, मुस्लिम नावाच्या अर्जाला ०.३३ पट. प्लेसमेंट सेलने मेरिटवर भाषण देण्याआधी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

आणि यावर आपल्याकडे उपाय काय? पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट! वर्षातून एक वर्कशॉप. कोट घातलेले एक पाहुणे येतात आणि मराठी मिडीयमच्या, खेड्यातल्या पोरांना सांगतात की न्यूनगंड सोडा, आरशासमोर उभे राहून इंग्लिश बोला. १८३५ मध्ये मेकॉलेने ठरवलं की शहाणपणाची भाषा इंग्रजी, आणि आज त्या ठरवण्याचं ओझं पहिल्यांदा शहरात आलेल्या पोराच्या डोक्यावर. त्याला सांगितलं जातं की अडचण तुझ्या मनात आहे. अडचण त्याच्या मनात नंतर गेली. आधी ती प्रेझेंटेशनला उच्चारावर मार्क कापणाऱ्याच्या मनात होती. इंग्लिश शिकू नये असं मी म्हणत नाही, मी स्वतः शिकतोय. पण रीडिंग चुकत असेल तर आपण आधी व्हर्नियरचा झीरो एरर बघतो. इथे मात्र दरवेळी वस्तूलाच घासत बसतो.

फ्रान्झ फॅनन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. मूळचे मार्टिनिक बेटावरचे, कृष्णवर्णीय, मनोविकारतज्ज्ञ. १९५३ ते ५६ ते फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जेरियात ब्लिडाच्या मनोरुग्णालयात होते. रोज रुग्ण बरे करायचे आणि ज्या व्यवस्थेने त्यांना आजारी पाडलं तिथेच परत पाठवायचे. १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपल्या समुपदेशकांनी राजीनामा द्यावा असं अर्थातच माझं म्हणणं नाही, आधीच आठवड्यातून एक दिवस येतात. पण त्यांच्याकडे जातो कोण ते बघा. ज्याला टोमणे बसले तो जातो. टोमणे मारणारा कधी गेलाय? ज्या सरांच्या विषयात दरवर्षी ठराविक पोरंच के.टी.त राहतात, त्या सरांना कुणी बोलावून विचारलंय का? २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जळगावकडच्या आदिवासी तडवी समाजातल्या त्या डॉक्टर. सिनियर्सवर जातीवरून छळाचा आरोप आहे, ते कोर्ट बघेल. पण त्यानंतरही बहुतेक कॉलेजांनी काय केलं, तर विद्यार्थ्यांसाठी हेल्पलाईनचे नंबर लावले. नंबर पाहिजेतच. पण फोन करायची जबाबदारी पुन्हा त्रास होणाऱ्यावरच.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच हा मुद्दा मांडला होता की जात ही काही पाडता येणारी भिंत नाही, ती मनात बसलेली असते. आपण त्याचा अर्थ सोयीने असा घेतला की पीडिताचं मन दुरुस्त करा. मन दोन्हीकडे असतं. सायकॉलॉजीचा खरा उपयोग करायचा असेल तर तिची खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे न्यायला हवी. सिनियर्ससमोर, स्टाफरूममध्ये, ऑफिसच्या खिडकीपाशी. यूजीसीने २०१२ च्या नियमांत प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असं म्हटलं. तुमच्या कॉलेजात तो अधिकारी कोण, हे माहीत असलेल्याने हात वर करा.

फार मोठं काही मागायचं नाही. स्कॉलरशिपची यादी वर्गात वाचायची नाही, रोल नंबरला मेसेज करायचा. याला खर्च शून्य. नोटीस बोर्डावरच्या याद्यांतून, जिथे कायद्याने गरज नाही तिथून, कॅटेगरीचा कॉलम काढायचा. फर्स्ट इयरच्या खोल्या ओळखी-पाळखीने किंवा जिल्ह्यानुसार न देता चिठ्ठ्या टाकून द्यायच्या, जामखेडच्या पांघरुणासारख्या. याला पोरांचाच विरोध होईल, मला कल्पना आहे. आमच्याच मजल्यावर झाला. एक जण म्हणाला, 'मग आम्हाला आमच्या खाण्यापिण्याचं ॲडजस्ट होणार नाही.' त्यावर पाऊण तास वाद झाला आणि चहा गार झाला. शेवटी तोच म्हणाला की एका सेमिस्टरपुरतं करून बघायला हरकत नाही, पण मग फायनल इयरचे प्रोजेक्ट ग्रुपही चिठ्ठ्यांनीच करा, तिथे तुम्ही सगळे आपापले ग्रुप धरून बसता. त्याचं म्हणणं बरोबर होतं. ते आम्ही अर्जात चौथा मुद्दा म्हणून घातलं.

अर्ज रेक्टर सरांच्या नावाने लिहिला आहे. रूम अलॉटमेंटची यादी टाईप व्हायच्या आत तो ऑफिसला पोचायला हवा. सह्यांचा कागद मेसमध्ये, ताक ठेवतात त्या टेबलावर आहे. ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी शेजारी एक कोरा कागद ठेवलाय, त्यावर का पटत नाही ते लिहावं. नाव लिहिलं नाही तरी चालेल.

— टी. ई. सिव्हिल